बचत, शेळ्या आणि पांढरं हेल्मेट

नेवासा तालुक्यातल्या आमच्या सबस्टेशनात इन्सुलेटरवर धूळ बसते ना, तसे माझ्यावर किस्से बसलेत. धूळ पुसायला शटडाऊन तरी मिळतो. किस्से कोण पुसणार? मी चौथी नापास. रिटायर झालो, पुन्हा ठेक्यावर लागलो. वरून हुकूम एकच, खर्च कमी करा! म्हणून दर मार्चात माझ्यावर चर्चाही एकच, "मामांना ठेवायचं की काढायचं?"

* * *

अक्कल माझी पहिल्यापासून अशीच. नोकरीला नवा होतो, उन्हाळ्यात तारा लोंबल्या. मी बोंबलत गेलो, "साहेब, चोरांनी तार वढली!"

"मामा, उन्हानं तार लांबते. थंडीत जाईल वर."

थंडीत गेलीच वर. तोवर मी गावभर सांगून मोकळा, "माझ्या तक्रारीनं ताणून घेतली!"

* * *

आता नोकरी टिकवायची तर बचत दाखवायला हवी. गवत काढायला ठेकेदार कशाला? घोडेगावच्या बाजारातून दोन शेळ्या आणल्या, ऑफिसमागं सोडल्या. पर्यावरण दिनाला फोटो काढून लावलेली सगळी रोपं साफ!

साहेब म्हणाले, "मामा, गवत आहे तसंच आहे. पर्यावरण तेवढं संपलं!"

* * *

मग कंट्रोल रूमचा एसी बंद केला. आत माणूस न्हाई, गारवा कुणाला? थोड्या वेळात सगळ्या यंत्रांनी बोंब ठोकली.

साहेब धावत आले, "अहो, एसी त्यांच्यासाठीच आहे!"

म्हणजे यंत्राला एसी आन् मला बाभळीची सावली! तेव्हापासून डबा मी यंत्राशेजारीच खातो. हाकललं की म्हणतो, "टेंपरेचर बघतोय!"

* * *

लाइनखाली उसाचं पाचट पेटवलं की धुरानं लाइन ट्रिप होते. हेच मी पारावर भाषण ठोकत होतो, तेवढ्यात लाइट गेली.

"कोन पेटवतंय रं?" मी ओरडलो.

"मामा, धूर तुमच्याच वावरातनं येतोय. मामी हाय!"

* * *

कावळ्यानं यार्डात तारेच्या तुकड्यांचं घरटं मांडलं होतं. शटडाऊन घेऊन ते मला काढायचं होतं. माझं पिवळं हेल्मेट बायकोनं कोंबड्यांना पाणी ठेवायला नेलेलं. साहेबांचं पांढरं खुंटीला होतं, तेच घालून घरटं उतरवलं. कावळा तारेवरून बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून साहेब ते हेल्मेट घालून बाहेर पडले की कावळ्याची टोच! "मामा, हा मलाच का मारतो?"

"साहेब, पाखराला बी मोठा माणूस कळतो."

मार्चात मुंबईहून बचतवाले तीन साहेब आले. "या म्हाताऱ्याचा खर्च कशाला?" म्हणत पांढरी हेल्मेटं घालून यार्डात शिरले. कावळ्यानं भाऊबंद बोलावले. तिघेही पळत गाडीत! कोंबड्यांचं पिवळं हेल्मेट डोक्यावर घालून मी यार्डात उभा.

काच बोटभर खाली झाली. "मामा, तुम्हाला कसा नाही टोचत?"

"वळखीचा हाय, साहेब."

"मग तुम्हीच राहा इथं!"

गाडी गेली. कावळा वर तारेवर, मी खाली. दोघंही कामावर.