खंडेनवमीला धुतलेली टॅक्सी

आमच्या यांची टॅक्सी होती. सोलापुरातून अक्कलकोट, मंगळवेढा, वैराग, म्हणाल तिकडं. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, यांच्या छातीनं दगा दिला. क्षयाच्या दवाखान्यात कितीतरी महिने काढून घरी आले तेव्हा अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "टॅक्सी चालवा, दुकान घाला, वाट्टेल ते करा. पण कापसाच्या धुळीत पाऊल टाकायचं नाही." आता सोलापुरात राहून कापसाची धूळ टाळायची म्हणजे! आमच्या गल्लीत घरटी एक माणूस गिरणीत, नाहीतर मागावर. टॅक्सी होती म्हणूनच यांचा जीव वाचणार होता.

आणि टॅक्सी मेली जाम! पावसाळाभर दारात लिंबाखाली उभी राहून इंजिनातले दट्टे, म्हणजे पिस्टन, गंजून चिकटले होते. हँडल मारायला गेले की हँडल हलायचं नाही, हेच हलायचे. मी म्हटलं, "राहू द्या हो, जीव जाईल तुमचा." म्हणाले, "मुरू दे गं जरा." प्लग काढायचे, त्या भोकांतून रॉकेल आणि एरंडेल ओतायचं, मुरू द्यायचं, मग गिअर टाकून गाडी मागं-पुढं झुलवायची. रोज हाच उद्योग. घरातलं पोरांचं एरंडेलसुद्धा त्या इंजिनाच्या पोटात गेलं. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी शेजारचे तेलुगू विणकर आणि मी गाडी झुलवत होतो, आणि सुटली की ती! हे मडगार्डवर डोकं टेकून रडले. मीही रडले, लाज कसली त्यात? "आता चमचाभर तेल मुरू दे, उद्या पूजा करून सुरू करू," म्हणाले आणि प्लगच्या भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबून ठेवले.

सासूबाई मंगळवेढ्याकडच्या. खंडेनवमीला विळा, खुरपं, कुऱ्हाड, सगळं घासून-धुऊन पूजायचं ही त्यांची रीत. सकाळी यांची आंघोळ होईतो त्यांनी बॉनेट उघडलं. पूजेला काळ्या चिंध्या कशा चालतील? त्या उपसून टाकल्या, इंजिनावर दोन कळश्या पाणी ओतलं, लख्ख पुसलं आणि भोकांत आपल्या धुतल्या लुगड्याचे पांढरे बोळे घातले. चुलीपाशी येऊन मला कौतुकानं सांगितलंही. मला तरी कुठं काय कळत होतं!

हे बोळे बघून हसले. "आई, इंजिनालाबी लुगडं नेसवलंस की!" प्लग बसवले, नारळ फोडला. गल्लीतल्या लोकांनी ढकललं, यांनी क्लच सोडला. खाड! एकच आवाज, आणि गाडी जागच्या जागी थांबली.

यांनी प्लग काढला तर पाणी ठिबकलं. उघड्या भोकांतून आत गेलेलं पाणी दबलं नाही, दट्ट्याचा दांडाच वाकला होता. हे पांढऱ्या बोळ्यांकडं बघत राहिले, आणि मला सगळं उमगलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "आत्या..." एवढंच तोंडातून निघालं, तर यांनी माझा दंड घट्ट धरला. सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांना म्हणाले, "जुनं इंजिन, आई. कधीतरी मोडायचंच व्हतं."

दुसरं इंजिन कुठनं आणणार? टॅक्सी भंगारात गेली. दिवाळीनंतर हे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलांच्या मागावर लागले. तोंडाला फडकं बांधून जायचे. फडक्यानं काय होतंय, डोंबल! काही वर्षांतच पुन्हा अंथरूण धरलं, ते उठलेच नाहीत.

सासूबाई लेकाच्या छातीला तेल चोळायच्या आणि रागं भरायच्या, "गाडीचं सोडून मागावर मरायला कशाला गेलास रं? डागदर सांगत व्हता की तुला!"

मी ओठ चावून तेलाची वाटी पुढं सरकवायची. हे धाप आवरून म्हणायचे, "चुकलं, आई."