बिल्ल्यावरचा शेंदूर

आमच्या दूध संघाला बबनराव नावाचा आयटी हेड लाभला होता. खरं तर तो चेअरमनच्या बहिणीला लाभला होता, तिथून आमच्या गळ्यात पडला. त्याआधी मांजरसुंब्याला त्याचा ढाबा होता. तोही त्याला चालवता आला नाही. ऑफिसातला कॉम्प्युटर तो भरतकामाच्या रुमालाने झाकून ठेवायचा आणि चालू करायला मला हाक मारायचा. मी डिप्लोमावाला, कंत्राटी. काही शिकवायला गेलो की म्हणायचा, "मशीनच्या कामाला तू हायस की बे. आपलं काम म्यानेजमेंट." पुण्यात दोन दिवसांचं शिबिर करून आल्यापासून हे वाक्य त्याला पाठ झालं होतं.

दुष्काळात संघाने लिंबागणेशजवळ चारा छावणी काढली. प्रत्येक जनावराच्या कानात काळ्या पट्ट्यांचा बिल्ला. रोज सकाळी तो मोबाइलने वाचायचा. वाचला तर जनावर हजर, नाही तर गैरहजर. आणि गैरहजर जनावराला चारा नाही.

उद्घाटनाला बबनरावाने पहिल्या पाच जनावरांच्या बिल्ल्यांना, नव्या ट्रॅक्टरला फासावा तसा, तेलात कालवलेला शेंदूर फासला. नारळ फोडला, फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तेच पाच बिल्ले वाचेनात.

चार जनावरं पुढाऱ्यांच्या घरची. त्यांच्या गड्यांनी दमदाटी करून चारा उचलला. पाचवी गाय छबुबाईची. ही बाई दर हंगामाला ऊस तोडायला जायची. हातातला कोयता सुटावा म्हणून तिने गाय घेतली होती.

"साहेब, शेंदूर पुसला की वाचंल," मी म्हणालो.

"कावून पुसायचा? देवाचा हाय त्यो. तुमा टेक्निकल लोकांची नजरच बारीक. सर्व्हरवर लई लोड हाय, म्या पुण्याला कंपनीत फोन लावलाय."

मी गुपचूप फडकं घेऊन गेलो, तर छबुबाईच आडवी आली. "नगा पुसू दादा. सायबांनी देवाचं लावलंय." मी मागे फिरलो. रॉकेलचा एक बोळा पुरला असता. त्या माणसाला मी कितीही नावं ठेवली, तरी त्या दिवशीची माझी मलाच किळस येते.

तीन दिवस गाय उपाशी राहिली. चौथ्या दिवशी सकाळी छबुबाईने ती व्यापाऱ्याला देऊन टाकली आणि मुकादमाला निरोप धाडला, यंदाही ऊसतोडीला माझा कोयता धरा.

दुपारी पुण्याहून फोन आला, बिल्ले पुसून बघा. बबनरावाने हा शोध आपलाच असल्यासारखा छावणीभर सांगितला, स्वतः बोळा फिरवला. चार बिल्ले वाचले गेले.

"पाचवी कुठंय?"

"विकली, साहेब."

त्याने मोबाइल पाहिला. छबुबाईच्या गाईपुढे चौथ्या दिवशीही गैरहजर लिहिलेलं होतं. तो खूश झाला.

"बघ बे," तो म्हणाला, "मशीन कवा खोटं बोलत न्हाई."