एका कानाचे सतरा टक्के

नोकरीची परीक्षा मी पास झाले होते. सरकारी खात्यात टेबलावरचं काम. फक्त मेडिकल उरली होती आणि ती डाव्या कानावर अडली. लहानपणी गालगुंड झालं, तेव्हापासून त्या कानानं ऐकू येत नाही. फॉर्मवर छापलं होतं, दोन्ही कान सामान्य असावेत. डॉक्टरांनी पुढे ‘अनफिट’ लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

पलासिया चौकातल्या माझ्या कोचिंग क्लासच्या सरांनी सुचवलं, दिव्यांगचं प्रमाणपत्र काढ, त्या कोट्यात जागा असतात. मला ते आवडलं नाही, पण नोकरी हवी होती.

प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर आई सोबत आली. आमच्या घरी या कानाबद्दल बोलत नाहीत. मला बघायला पाहुणे येणार असले की आई माझी खुर्ची अशी ठेवते की डावी बाजू भिंतीकडे जाते. कोणी विचारायच्या आत सांगूनही टाकते की मुलीला काही त्रास नाही. इथं डॉक्टरांनी मान खाली घालूनच काहीतरी विचारलं. मला समजेना, मी आईकडे पाहिलं. आई सवयीनं बोलून गेली, “सुनती सब है, डॉक्टर साहब. बस, ध्यान नहीं देती.”

“तो फिर सर्टिफिकेट किसलिए, माताजी?”

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

मग यंत्रावर तपासणी झाली. डावा कान पूर्ण बंद, उजवा उत्तम, दोन्ही मिळून सतरा टक्के. कोट्यासाठी कायद्याला चाळीस लागतात. म्हणजे नोकरीसाठी मी पुरेशी धडधाकट नाही आणि कोट्यासाठी पुरेशी दिव्यांगही नाही. मग मी आहे तरी काय, हे विचारायला हवं होतं. मी थँक्यू म्हणून बाहेर आले.

ई-रिक्षात आई नेहमीसारखी माझ्या उजवीकडे बसली. बडा गणपतीचा चौक आला तेव्हा म्हणाली, “मी बोलले नसते तर दिलं असतं का गं?”

मी नाही म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

घरी आल्यावर नोकरीच्या मेडिकलच्या फेरतपासणीचा अर्ज लिहायला घेतला. इंग्रजीत लिहिला, तर आई म्हणाली, मराठीत सांग काय लिहिलंस.

“डाव्या कानानं ऐकू येत नाही. या कामाला त्याची अडचण नाही.”

आईनं कागदावर बोट ठेवलं. “पहिलं वाक्य लिहायलाच पाहिजे का?”

मी अर्ज पुढे ओढला आणि काही न खोडता सही केली.