पडदेवालीचं गाजर

तिला कारखान्यात सगळे 'पडदेवाली' म्हणत. मशीनच्या तोंडापुढे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा बसवायचा, म्हणजे हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं, हे तिचं काम. पडदा निवडताना मात्र ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. ऐकायची ती फक्त गाजराचं!

या वेळी मालकांनी पडदा आधीच आणून ठेवला होता. "हाच बसव. हात घातला की थांबतं, मी स्वतः पाहिलंय."

"हाताचं ठीक आहे हो, बोटाचं काय?" तिनं तो बसवला, पिशवीतून बोटाएवढं गाजर काढून बारीक काठीला बांधलं आणि दोन किरणांच्या मधून अलगद आत सरकवलं. मशीनचा ठोकळा धाडकन खाली आला. गाजराचा चोथा झाला आणि मालकांचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी दाट किरणांचा पडदा लागला. नवं गाजर आत शिरतंय तोच ठोकळा अधांतरी थांबला!

"परत कर, परत!" मशीन चालवणाऱ्या काकू ओरडल्या. दहादा केलं, दहादा थांबला. पडदेवाली नाचायचीच काय ती बाकी होती.

काकूंनी ते अख्खं गाजर सोडवून कचकन चावलं. "इतकी वर्षं कुठं होतीस गं बाई?" म्हणत त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं तिच्या गालावरून फिरवली. त्या हाताला तेवढीच उरली होती.