अडी अक्का

अक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका माणसाला कीबोर्डनं मारत होती. महामहम तळ्याजवळच्या गल्लीत, पितळी समयांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्या अरुंद जिन्यावरून तो माणूस मागं मागं उतरत होता आणि प्रत्येक फटक्याला कीबोर्डाची बटणं सुटून पायऱ्यांवर उड्या मारत होती. तो तिचाच कारागीर. दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपमधून एका कॉलेजातल्या मुलीचे फोटो त्यानं स्वतःसाठी उतरवून घेतले होते. खाली माणसं जमली, पण सोडवायला कोणी पुढं झालं नाही. तो पळाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि दम खात विचारलं, "तुझं काय बिघडलंय?"

तमिळमध्ये अडी म्हणजे मार. बाजारात तिला सगळे अडी अक्का म्हणत; तोंडावर मात्र नुसतं अक्का. उंचीनं बेताची, मनगटं रुंद, नाकात खडा, आणि पदर कमरेला असा खोचलेला की आत्ता भांडण होणार असं वाटावं. बहुतेक वेळा ते व्हायचंही. बनावट माल आणणाऱ्या विक्रेत्याला तिनं मॉनिटरच्या खोक्यात ढकलून दिलं होतं. स्वतःच्या बायकोला दुकानात सर्वांदेखत थोबाडीत मारणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तिनं तिथल्या तिथं तशीच परत दिली होती.

आम्ही दोघंही या तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांतले. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी; आणि तीही अशी की पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. मी राव आडनावाचा आहे हे कळल्यावर अक्का माझ्याशी मराठीतच बोलू लागली. तिच्या नवऱ्याची हकिकत तिनं मला एकदा मदरबोर्ड पुसता पुसता सांगितली. "तेरा वर्षं त्यानं मज मारलं. मी त्यास एक वेळ. वरवंटा खांद्यावर घातला, हाड मोडलं. पण लोकांस माझंच ध्यानात राहिलं." त्यानंतर ती तिरुविसनल्लूरला आईकडं गेली, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हे दुकान टाकलं. मुलगी जानकी मात्र बापाकडंच राहिली.

हेच हात काम करताना वेगळेच असत. नव्या प्रोसेसरला ती श्वास रोखून हात लावायची. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर एकदा तिनं हिसकावून घेतला होता. "एक स्क्रू पुरा आवळून मग दुसरा? समोरासमोरचे दोन घे, थोडे थोडे फिरव. जोर करायचा तो माणसांवर कर, यंत्रावर नको."

मी लग्नांचे व्हिडिओ करतो. त्या वर्षी मे महिन्यात माझं कॉम्प्युटरचं मशीन तापून सारखं बंद पडू लागलं. प्रोसेसरवरचा पंख्याचा कूलर पुरेना, म्हणून अक्कानं चेन्नईहून पाण्याचा कूलर मागवला. एक पंप, दोन नळ्या आणि दोन पंखे लावलेला रेडिएटर, सगळं एकत्र जोडलेलं, आत द्रव भरूनच येतं. ती एकटीनं बसवणार नव्हती. "धरावयास माणूस हवा. सकाळी दहास ये."

मी गेलो तेव्हा कॅबिनेटची काच काढून तिनं भिंतीला टेकवून ठेवली होती. जुना कूलर तिनं आधी किंचित इकडंतिकडं फिरवला, मग अलगद उचलला. सरळ ओढला तर खालचा प्रोसेसरही उपटून येतो. अॅल्युमिनियमच्या पात्यांचं ते जड धूड तिनं टेबलावर ठेवलं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट स्पिरिटच्या फडक्यानं पुसली. मग मला कॅबिनेटच्या आत दोन्ही हात घालायला लावून रेडिएटर वरच्या पत्र्याला टेकवून धरायला सांगितलं. स्क्रू ती वरून घालणार होती. "हात सोडू नको हो, सेतू."

दोन स्क्रू बसले, आणि जिन्यावर पावलं वाजली. तिचा दीर होता, बरोबर आणखी एक जण. सुंदरपेरुमाळ कोयिल गावाजवळ तिच्या सासरच्यांचं मंगल कार्यालय आहे. माझी निम्मी कामं तिथलीच. जानकीचं लग्न त्यांनी दिराच्या मेहुण्याशी ठरवलं होतं. ती एकोणीस वर्षांची, तो चाळिशीला आलेला. आठवड्यापूर्वी ती पळून आईकडं आली होती आणि अक्कानं तिला तिरुचीला नर्सिंगच्या वसतिगृहात ठेवलं होतं.

"पोरगी कुठंय?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"काम चाललंय. खाली थांब," अक्का म्हणाली.

त्यानं भिंतीजवळच्या काचेवर लाथ घातली. काच फुटून दाणे दाणे खोलीभर पसरले. शटर ओढायचा लोखंडी आकडा दाराशी उभा असे, तो त्यानं उचलला. बरोबरच्या माणसानं अक्काचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि दिरानं आकडा त्या हातावर घातला. एकदा. "कुठंय?" मग पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिसऱ्या फटक्याआधी अक्कानं डाव्या हातानं तो जुना कूलर उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. पात्यांनी त्याचा गाल डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत चिरला. तो कोलमडून जिन्यावरून गडगडत गेला. दुसरा त्याच्यावरून उडी मारून पळाला.

आणि मी? मी रेडिएटर धरून उभा होतो. चारपैकी दोन स्क्रू बसले होते. हात काढले असते तरी तो पडला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

अक्का खुर्चीवर बसली. तिच्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "आता सोड."

मी दवाखान्यात चल म्हणालो. तिनं ऐकलं नाही. हातावर ओलं फडकं गुंडाळून तिनं उरलेले स्क्रू माझ्याकडून घालून घेतले. पंपाच्या तळाचं प्लास्टिक काढायला लावलं, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवायला लावली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता, आवाज मात्र कापत नव्हता. मशीन सुरू झालं, नळ्यांतून क्षणभर गुळगुळ आवाज आला आणि थांबला. पडद्यावरचं तापमान खाली उतरलेलं पाहिल्यावर ती उठली. "चल आता."

दिराच्या गालाला टाके पडले आणि त्यानंच आधी तक्रार दिली: आपण मुलीची चौकशी करायला गेलो, वहिनीनं जीव घ्यायच्या इराद्यानं हल्ला केला. साक्षीदार मी एकटा. त्याच संध्याकाळी मंगल कार्यालयातून फोन आला. फार काही बोलले नाहीत. पुढच्या लग्नांच्या तारखा सांगितल्या आणि माझ्या आईची तब्येत विचारली. मी पोलिसांना जबाब दिला, "माझं लक्ष मशीनमध्ये होतं. आधी कोणी मारलं ते पाहिलं नाही."

दोन दिवसांनी अक्का माझ्या घरी आली, हात प्लास्टरमध्ये. दार उघडताना मी खरोखर तोंड वाचवायला हात वर केला. तिनं मारलं नाही. आईनं दिलेली कॉफी सावकाश प्यायली, तिच्याशी तिरुक्करुगावूरच्या देवळातल्या गर्दीबद्दल बोलली. निघताना चप्पल घालत म्हणाली, "मारीन म्हणून आले होते रे. पण तुझा राग येईना. राग यावयास समोर कोणी असावं लागतं."

ती गेल्यावर आईनं विचारलं, "काय केलंस तू?" मी सगळं सांगितलं. आईनं अक्काची कपबशी उचलली आणि माझ्याकडं पाठ करून विसळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी जबाब बदलला. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी तासभर उभं केलं, खोटं बोलल्याबद्दल आईबहिणीवरून शिव्या दिल्या. पण आकडा, टेबल, पहिला फटका, दुसरा फटका, सगळं लिहून घेतलं. आठ दिवसांत कार्यालयाच्या माणसांनी मला बसस्टँडमागं गाठलं. कॅमेरा फोडला, पुढचे दोन दात पाडले, बरगडीला तडा गेला. इस्पितळात अक्का आली आणि तिनं डाव्या हातानं माझा जबडा धरून उजेडाकडं वळवला.

"तू एक तरी मारलंस की नाही?"

"एकाच्या दंडास चावलों," मी म्हणालो.

अक्का हसली. इतकी, की नर्स धावत आली.

तिच्यावरचा गुन्हा मागे घेतला गेला. दिरावर खटला उभा राहिला. पण तिची ती दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. स्क्रू धरता येईना, तशी तिनं दुकान बंद केलं आणि मुलीजवळ तिरुचीला जाऊन राहिली. तिथं ती मुलींना कॉम्प्युटर दुरुस्ती शिकवते.

गेल्या पावसाळ्यात मी तिला भेटायला गेलो. एका टेबलाभोवती सात-आठ मुली उघड्या कॅबिनेटवर वाकल्या होत्या आणि अक्का खुर्चीवर बसून काडीनं एकेक भाग दाखवत होती. मी दारात उभा राहिलो. एका मुलीनं विचारलं, हे कोण?

माझी ओळख ती काय करून देईल, मला ठाऊक नव्हतं. ऐकायला नको असंही वाटलं. अक्कानं चष्मा सरळ केला, माझ्याकडं पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "हा माझा साक्षीदार. याला बसायला द्या."