चिमट्यांचे कुत्रे आणि अंदाज सर

आमच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त फ्रीजच्या वरच्या खणात. तोही बहिणीने खरवडायला बसवलं म्हणून. असा हा माणूस तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होता, आणि थंड प्रदेशांचा धडा आला की भर उन्हाळ्यात अंगावर शाल घेऊन वर्गात जात होता. वातावरणनिर्मिती म्हणे.

शाळेत त्याला 'अंदाज सर' म्हणत. रोज सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर तो दिवसभराच्या हवेचा अंदाज लिही. त्याने 'कोरडी हवा' लिहिलं की अर्धी शाळा छत्री आणायची. एकदा त्याच्या भरवशावर बायकोने चार गाद्या गच्चीवर टाकल्या आणि त्या चिंब भिजल्या. तिने जाब विचारला तर हा शांतपणे म्हणाला, "ताई, अंदाज बरोबर होता. हवा चुकली."

हे वाक्य त्याने तीस वर्षं बदललं नाही. लग्नाचंही तेच झालं. मुलगी बघायला निघायचं ठरलं की याचा अंदाज यायचा, आज प्रवास टाळावा. शेवटी मुलींची लग्नं होऊन गेली आणि हा दोन गल्ल्या ओलांडून दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायला येत राहिला.

तर त्या वर्षी सहामाहीला सातवीच्या पेपरात प्रश्न आला, थंड प्रदेशाच्या हवामानाची माहिती लिहा. एकेचाळीस मुलांपैकी तेहतीस जणांनी 'तिथे थंडी असते' एवढं लिहून पेन खाली ठेवलं. मुख्याध्यापिकांनी, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, याला बोलावून सांगितलं, "सर, पुढच्या चाचणीतही हेच झालं तर सातवीचा भूगोल गणिताच्या बाईंना देते. तुम्ही ग्रंथालय सांभाळा."

ग्रंथालय म्हणजे एक कपाट होतं. त्याचं एक दार उघडत नव्हतं.

त्या दिवशी त्याने ताटाला हात लावला नाही. "ताई, मला कपाटात घालतायत," एवढंच म्हणाला. बायकोने त्याच्या ताटातली भाजी परत पातेल्यात टाकली, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळावं.

आमच्या नातीला मामाआजोबांची दया आली. तिने फोनवर त्याला एक शर्यत दाखवली. लांब उत्तरेकडे कुत्र्यांच्या गाड्या बर्फावरून पंधराशे किलोमीटर धावतात. चाकं नाहीत, नुसत्या घसरपट्ट्या. कोणती गाडी कुठे पोचली, तिथे तापमान किती, वारा किती, सगळं घरबसल्या दिसतं. मेहुणा फोनला नाक लावून बसला. दुसऱ्या दिवशी आमच्या दोरीवरचे पन्नास चिमटे गायब.

पहिल्या मजल्यावर शिक्षकांच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत साठ पावलांचा व्हरांडा होता. एक पाऊल म्हणजे पंचवीस किलोमीटर. त्याने खडूने वाट आखली. वर्गाचे पाच गट केले, प्रत्येकाला एक डस्टर आणि दहा चिमटे. डस्टर ही गाडी, चिमटे हे कुत्रे. मुलांनी रोज तिकडचं तापमान, वारा आणि बर्फ वहीत टिपायचा आणि त्यावरून गाडी किती पावलं न्यायची ते ठरवायचं. नियम सरांचा. शून्याखाली वीसच्या पलीकडे गेलं की कुत्र्यांना रुमालात गुंडाळून झोपवायचं. हवा जितकी उबदार, तितकी जास्त पावलं.

"थंडीत कुठला शहाणा जीव बाहेर पडेल?" असं म्हणून त्याने शाल सावरली.

व्हरांड्यात नुसती धमाल सुरू झाली. शून्याखाली तीस बरं की वीस आणि वर सोसाट्याचा वारा, यावरून मुलं हमरीतुमरीवर येऊ लागली. शिपाई चहाचा ट्रे घेऊन कुत्रे ओलांडत जाई आणि पुटपुटे, "हाड, हाड."

पाचव्या दिवशी तिकडे तापमान शून्याच्या वर तीनवर गेलं. सरांनी पाचही गाड्या दणक्यात आठ पावलं पुढे नेल्या. तेव्हा एक मुलगी उठली. हिचा हात कायम वर असे, म्हणून शिक्षक तिला शंका म्हणत.

"सर, खऱ्या गाड्या तर तिकडे दुपारभर हलल्याच नाहीत. आणि आपण रुमालात झोपवले होते ना, त्या दिवशी ते सगळ्यात जास्त पळाले."

मेहुणा खोकला. "अंदाज बरोबर आहे," तो म्हणाला. "कुत्रे चुकले."

तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला, उद्या मोठ्या बाई तास बघायला येणार.

संध्याकाळी तो आमच्याकडे हात धुवायला मोरीत गेला. तिथे आमचा कुत्रा ओल्या फरशीवर पोट टेकून, जीभ काढून पसरला होता. हा कुत्रा नुसता बसून खातो म्हणून बायको त्याला जावईबापू म्हणते. हा टोला कुणाला आहे ते मी विचारलेलं नाही.

"ताई, हा इथे का झोपतो?"

"उकडतं त्याला. तुझ्यासारखी शाल पांघरूनच जन्माला आलाय तो. त्याला काढता येत नाही, तुला काढायची नाही."

मेहुणा हाताला साबण तसाच ठेवून जावईबापूकडे बघत राहिला. मग न जेवता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बायकोने मला शाळेत पिटाळलं. चिमटे आणा, नाहीतर ओले कपडे अंगावर वाळवा. मी पोचलो तेव्हा मोठ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. मेहुणा खांद्यावर शाल न घेता फळ्याशी उभा होता. बाईंना त्या नियमाचं काही ठाऊक नव्हतं. डस्टर गुपचूप मागे सरकवून तास नेटका उरकता आला असता. त्याने खडू उचलला आणि लिहिलं, 'माझा नियम चुकला.'

शिपाई ट्रेसकट दारात थबकला.

"का चुकला ते सांगा," मेहुणा म्हणाला.

सरांचा हा काही डाव असेल, असं मुलांना वाटलं असावं. मग शंका उठली. "सर, त्यांच्या अंगावर जाड केस असतात. पळून तापतात ते. थंडीच बरी त्यांना."

मग बांधच फुटला. वारा नसेल तर तीसही सोसतं, वाऱ्याने उडालेल्या बर्फात वाटेच्या खुणा दिसत नाहीत, म्हणून तिथे थांबायला हवं. मोठ्या बाईंनी स्वतःच विचारलं, "पण ऊब आली तर गाडी अडते का?"

"बाई, वरचा बर्फ भिजतो ना," मागून एक मुलगा म्हणाला. "ओल्या वाळूतून सायकल ओढून बघा."

सगळी वरात व्हरांड्यात गेली आणि डस्टर मागे सरकू लागले. मी हळूच म्हणालो, चिमटे मिळतील का. शंकाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आजोबा, अजून अकराशे किलोमीटर आहेत."

मी रिकाम्या हाताने घरी आलो आणि दमट शर्ट घातला.

चाचणीचा प्रश्न मोठ्या बाईंनी काढला, बर्फावरच्या शर्यतीत कुत्रे भर दुपारी का थांबतात? अडतीस मुलं पास झाली, पुरवण्या कमी पडल्या. सातवीचा भूगोल मेहुण्याकडेच राहिला. शंकाने पानभर मुद्देसूद लिहून शेवटी जोडलं होतं, 'शिवाय ते सरांपेक्षा हुशार असतात.'

पेपर तपासणारा मेहुणाच. त्याने त्या ओळीचा अर्धा गुण वेगळा दिला, आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'बरोबर.'