अण्णाने न सोडलेली चिंधी

इंदापूरहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने शाळेच्या फाटकातच निरोप दिला. "बाई, तुमच्या अण्णांच्या हातात स्टोव्ह फुटला. लगेच या म्हणालेत." मी हजेरीपट मिटला, वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवला, घरून पिशवीत जुनी मऊ धोतरं आणि खोबरेल घेतलं आणि त्याच मोटारीने इंदापूरला निघाले. बारामती ते इंदापूर मनात एकच चाललं होतं... कोणता स्टोव्ह?

अण्णा माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून इंदापूरच्या पेठेत एका खोलीत राहायचा आणि लोकांनी टाकून दिलेल्या घरगुती वस्तू जगवायचा. पोचे आलेले पितळी स्टोव्ह, हाताने फिरवायची शिवणयंत्रं, भिंतीवरची घड्याळं. यंत्र उघडलं की आधी त्याचा वास घ्यायचा. "तेल कुजलंय, बाकी म्हातारी धडधाकट हाय," असं मालकाला सांगायचा. हाती घेतलेल्या प्रत्येक वस्तूला तो धोतराची चिंधी बांधी. वस्तू चालू झाली तरी ती सुटत नसे. लागोपाठ तीन दिवस बिनतक्रार चालली, की मालकाला समोर बसवून स्वतःच्या हाताने गाठ सोडायचा. म्हणायचा, "आता ही तुमची." दुसऱ्या कुणी त्या गाठीला हात लावायचा नाही.

गेल्या दिवाळीत मी चार दिवस त्याच्याकडे होते. त्याची नजर अधू झाली होती आणि खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी वही काढली.

"यमे, कशाला हात लावतीस? समदं मला ठावं हाय."

"मग सांग, मी लिहिते. दिसेनासं झाल्यावर काय करशील?"

"तुला हाक मारीन. बारामतीला ऐकू जाईल असा आवाज हाय माझा."

मी दोन रकाने आखले, 'तयार' आणि 'बाकी'. एका स्टोव्हपाशी तो अडखळला. "पेटतोय झकास. पन टाकीच्या बुडाला चीर हाय, कथलाचा डाग देऊन बुजवलीया. भरवसा न्हाय अजून."

"पेटतो ना?"

"पेटतोय की."

मी तो 'तयार'मध्ये लिहिला. सगळ्या वस्तूंवर मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या डकवल्या. तेलकट चिंध्यांची मला किळस यायची, त्या सोडून सोड्यात उकळून दोरीवर घातल्या. अण्णा हसून म्हणाला, "मास्तरीण हाईस का मामलेदार?"

मी पोचले तेव्हा दवाखान्यात त्याचं तोंड फडक्यांखाली झाकलेलं होतं. बाकावर शेळगावचे तात्या बसले होते. ते आपल्या घड्याळाची चौकशी करायला आले आणि चहासाठी थांबले, तेव्हाच हे घडलं होतं. "अण्णांनी स्टोव्ह डोळ्याजवळ धरला," तात्या सांगत होते, "चिठ्ठी मोठ्यानं वाचली, 'तयार'. म्हणले, आमची यमी लिवून गेलीया, आता मला इचार करायला नको. अन् पंप मारला."

दुसऱ्या दिवशी अण्णा एकदाच बोलला. "चिंध्या... कुठं हायत?"

"धुऊन ठेवल्यात, अण्णा."

"बरं केलंस."

मला पुढे सांगायचं होतं. मी त्याच्या ओठांवर चमच्याने पाणी सोडत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. स्टोव्ह फुटून अण्णा गेला, असं सगळे म्हणतात. कथलाच्या डागाचा तोच स्टोव्ह माझ्या 'तयार'च्या रकान्यात होता, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तेराव्यानंतर मी खोली आवरायला घेतली, तेव्हा तात्या घड्याळ न्यायला आले. ते घड्याळ दिवाळीनंतर आलेलं, माझ्या यादीत नसलेलं. त्याच्या कडीला नव्या धोतराची चिंधी होती. म्हणजे मी गेल्यावर अण्णाने आपली रीत पुन्हा धरली होती. जुन्या वस्तूंपुरता मात्र तो माझ्या चिठ्ठ्यांवर विसंबला.

"चालतंय की वो," तात्या म्हणाले.

"चालतंय. पण अण्णाने गाठ सोडलेली नाही."

तात्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मग तुमी सोडा, बाई."

मी गाठीवर बोटं ठेवली. लहानशी, घट्ट गाठ होती... मी बोटं काढून घेतली. मग तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तसंच लावतो भिंतीला."

घड्याळ बगलेत धरून ते निघाले. चिंधीचं टोक खाली लोंबत होतं. मी वही उघडली. तयार, बाकी. ते घड्याळ मी अजून कुठेच लिहिलेलं नाही.